आवाज कुठे थांबतो

“दाब क्लच,” हे गाडीखालून ओरडले.

मी दाबला.

“थांबला?”

“काय थांबला?”

“आवाज गं! रडण्याचा.”

“अहो, मुळात सुरूच नाही, तर थांबेल कसा?”

 गाडीखाली लांब स्क्रूड्रायव्हर फरशीवर आपटला, तो मात्र मला चांगला ऐकू आला. पाठोपाठ हे पाठीवर सरपटत बाहेर आले. कपाळाला गिअरचं तेल, भुवयांत गंजाची भुकटी. माझ्याकडे असं पाहत राहिले, जणू मी पहिल्याच दिवशी क्लच समजून ब्रेक दाबणारी नवशिकी आहे.

“तुला खरंच ऐकू येत नाही?”

“इंजिन ऐकू येतंय. शेजारच्यांचा नळ ऐकू येतोय. समोरच्या घरातलं भांडण तर शब्दन् शब्द ऐकू येतंय. गिअरबॉक्स गप्प आहे.”

“गप्प नाहीये तो. बारीक सूर धरलाय. एकसारखा.”

“बंद करू गाडी?”

“कर.”

मी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं तरी ह्यांची मान तिरकीच होती. ते मला दिसलं, नाही असं नाही. पण ह्यांची मान लग्न झाल्यापासून तिरकीच आहे, त्यामुळे मी काही मनावर घेतलं नाही.

मान तिरकी झाली ती नोकरीमुळे. हे बसच्या आगारात गिअरबॉक्स दुरुस्तीला होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही ह्यांची पद्धत. आजूबाजूला घण चालू असत, हवेची बंदूक नट सोडवत असे, लोक एकमेकांशी ओरडून बोलत, आणि त्या गदारोळात हे डोळे मिटून उभे. मग डोळे उघडून सांगत, तिसऱ्या गिअरचा एक दात गेलाय. उघडून बघावं तर गेलेला असायचाच. आगारात ह्यांना ‘कानसेन’ म्हणत. साहेबसुद्धा म्हणत, आणि ह्यांना ते आवडायचं. निरोपाच्या दिवशी दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळावरही तेच नाव कोरून दिलं. हे लोक तुमचं खरं नाव विसरले बहुतेक, असं मी तेव्हा म्हटलं होतं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ह्यांचा एक नियम होता. गाडी आणणारा माणूस हमखास सांगतो, आवाज इथून येतो, तिथून येतो. त्याचं मनावर घ्यायचं नाही. पत्र्यात आवाज कुठूनही कुठेही हिंडतो. “आवाज कुठून येतो ते विचारूच नये,” हे म्हणत, “कुठे थांबतो ते विचारावं.” क्लच दाबल्यावर थांबला तर पुढचं बेअरिंग. चौथ्या गिअरमध्ये थांबला तर खालचा काउंटर शाफ्ट. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर थांबला तर दोष गिअरबॉक्सचा नाहीच, मागच्या चाकांमधलं डिफरन्शियल.

“आणि कुठेच नाही थांबला तर?” मी एकदा विचारलं होतं. लग्नाचे नवे दिवस होते, बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलं.

“थांबतोच,” हे म्हणाले. “असा आवाजच नसतो.”

माझा धंदा वेगळा. मी गाडी शिकवत असे. गावातल्या निम्म्या लोकांना मीच गाडीत बसवलं, आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांच्यापासून वाचवलं. सगळे मला मास्तरीणबाई म्हणतात. गाडी हीच, गोल दिव्यांची, चार गिअरची. शिकणारा चालकाच्या जागी, मी बाजूला, आणि माझ्या पायाखाली माझा एक वेगळा ब्रेक. तीसेक वर्षं मी त्या ब्रेकवर पाय ठेवून बसले. घरात टीव्हीवर कुणी गाडी जोरात घेतली तरी माझा पाय अजून जमिनीवर दाबला जातो. लोकांना वाटतं ही नवऱ्याला लाथ मारतेय.

मी शिकवणं थांबवलं तेव्हा हे निवृत्त होऊन रिकामेच होते. म्हणाले, “गाडी आता नवी करू. आणि हिनंच जाऊ लेकीकडे.” लेक डोंगरापलीकडच्या शहरात असते. तिनं नवं घर घेतलं त्याला वर्ष झालं, आम्ही अजून बघितलेलं नाही. बसनं या, गाडी पाठवते, असं ती कितीदा म्हणाली. पण हे हट्टाला पेटले. “जी गाडी चालवून तुझ्या आईनं तुला शिकवलं, तीच गाडी तुझ्या दारात लावीन,” असं तिला फोनवर सांगून बसले. झालं. घरासमोरची पत्र्याची शेड म्हणजे कारखाना झाला. खालचा कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, सगळ्या वायरी नव्या टाकल्या, इंजिन उघडून मिटवलं. दरवाजे अजून राखाडी प्रायमरमध्येच आहेत. येणारेजाणारे विचारायचे, “काय, कुठवर आलं?” लेकीचं लग्न याहून लवकर जमलं होतं, असं मी सांगायचे.

पत्रा जोडताना ह्यांनी माझा ब्रेक काढून टाकला. “आता कुणाला शिकवायचंय?” म्हणाले. जिथून त्याची दांडी खाली जात असे तिथे भोक उरलं, ते रबरी बूच लावून बुजवलं. बरोबरच होतं त्यांचं. पण मला त्या दिवशी करमलं नाही.

पहिल्यांदा गाडी रस्त्यावर काढली तेव्हा गिअरबॉक्स खरोखर रडत होता. मीच सांगितलं. पहिल्यात, दुसऱ्यात, तिसऱ्यात कुईं कुईं, आणि चौथा टाकला की चिडीचूप. हे इतके खूश झाले की काय सांगावं. “काउंटर शाफ्ट!” म्हणत मांडीवर थाप मारली. चौथ्यात जोर सरळ पुढून मागे जातो, बाकी तिघांत खालच्या शाफ्टवरून वळसा घालून जातो. म्हणजे दुखणं खालीच. गिअरबॉक्स उतरवला, उघडला, आणि आतलं बेअरिंग माझ्या तळहातावर ठेवून अंगठ्यानं फिरवून दाखवलं. खरखरत होतं. पोलादाला बारीक खड्डे पडले होते. दुसऱ्या गिअरचे दातही झिजून धारदार झाले होते.

“ही बघ तुझी विद्यार्थीमंडळी,” हे म्हणाले. “आयुष्य काढलं सगळ्यांनी दुसऱ्यात.”

“सोडला का कधी मी त्यांना तिसऱ्यात? कुणाच्या कुंपणात शिरले असते म्हणजे!”

नवं बेअरिंग बसलं, दुसरा गिअर नवा बसला. गाडी परत काढली. आवाज गेला होता. मी तसं सांगितलं.

हे म्हणाले, “नाही गेला.”

तिथून घराची शांतता गेली. ह्यांनी गिअरबॉक्स पुन्हा उतरवला. सगळं तपासलं, काही सापडलं नाही, परत चढवला. तेल बदललं, दाट घातलं. पुन्हा उतरवला. पुढचं बेअरिंगही बदललं, जे चांगलं होतं. एवढं जड धूड या वयात छातीवर घेऊन हे गाडीखाली लोळत होते, आणि मी बाहेर उभी राहून नुसती कुढत होते. जेवताना घास हातात धरून मध्येच थांबायचे. अंघोळीहून ओल्या अंगानं शेडमध्ये जाऊन गाडीच्या बॉनेटला कान लावून यायचे. एकदा फ्रिजचं बटण बंद केलं, म्हणाले हाच तो. अख्खं दूध नासलं. मग ट्यूबलाइट काढली. मग निरोपाच्या घड्याळाचा सेल काढून ठेवला. कधी खुर्चीत बसले तर पाय हलत, कधी उठले तर उगाच या खोलीतून त्या खोलीत. “काय शोधताय?” विचारलं की “काही नाही.”

लेकीचा फोन आला तर दोन वाक्यांत माझ्याकडे देऊन टाकत. “हिचा फोन बिघडलाय. तोंडातल्या तोंडात बोलल्यासारखं येतं.”

“आई, बाबांना झालंय काय?” लेक विचारायची. “गाडी कधी होणार?”

“गिअरबॉक्स रडतोय म्हणतात.”

“आणि तू काय म्हणतेस?”

मी काय म्हणणार? कानसेनाच्या घरात माझ्या कानाला कोण विचारतो? त्या दिवशी, मला क्लच दाबायला लावून झाल्यावर, गाडीखालून बाहेर येऊन, हात पुसत, ह्यांनी शेवटी निकाल देऊन टाकला.

“तुझे कान गेलेत,” म्हणाले. चिडून नाही, अगदी मायेनं म्हणाले. “वय झालं, होतं असं. आधी बारीक आवाज जातात. मी नेतो तुला दवाखान्यात.”

मला राग यायला हवा होता. पण मला भीती वाटली. इतकी वर्षं ज्या माणसाचा कान चुकला नाही, तो म्हणतोय आवाज आहे, आणि मला नाही येत. मग माझंच काहीतरी गेलं असणार. त्यानंतरचे तीन-चार दिवस मी स्वतःवर पाळत ठेवली. दूध उतू जाण्याआधी जी सळसळ होते ती ऐकू येते का, बघायचे. वहीचं पान उलटून बघायचे. खिडकीबाहेर चिमणी ओरडली की मनाशी म्हणायचे, ही आली ऐकू, पण हिच्यामागे आणखी एखादी असेल तर? जी गोष्ट ऐकू येत नाही ती येत नाही हे कळणार कसं? वेड लागायची पाळी आली. शेवटी मीच म्हटलं, चला, एकदाचा सोक्षमोक्ष लावू.

कानाच्या दवाखान्यात तपासणीला जी मुलगी होती, ती मला बघून खुर्चीतून उठलीच. “मास्तरीणबाई! ओळखलंत का?”

ओळखलं ना. मागे घ्यायच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. पुढे बघून मागे जायची.

“आता तुमची परीक्षा,” ती हसत म्हणाली. मला एका काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी डोळे मिटले. आवाज येत गेले, जाडे, बारीक, मग इतके पातळ की आला की भास झाला तेही सांगता येईना. तरी मी दाबत गेले.  काचेपलीकडे हे उभे होते, हाताची घडी घालून, माझ्या वतीनं दुःखी चेहरा करून.

मुलगी दार उघडून आत आली. “मॅडम, तुमचे कान तुमच्या वयाला शोभत नाहीत. एकदम छान आहेत. बारीक आवाजसुद्धा येतात.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, “मशीन एकदा तपासून घ्या तुमचं.”

“काका, मशीन बरोबर आहे.”

“असेल. तरी घ्या.” एवढं बोलून हे बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

मुलगी माझ्या पावतीचं बघत होती. मध्येच तिनं दारातून हाक मारली, “काका, तुमचीही करूया का तपासणी?” नेहमीच्या आवाजात. ह्यांची पाठ आमच्याकडे होती. मान वळली नाही. तिनं पुन्हा हाक मारली. समोरून शिपाई गेला, हे त्याच्याकडे बघत राहिले.

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मग दार लोटून घेतलं.

“काकांना घरात काही आवाज येतो का हो? तुम्हाला न येणारा?”

मी खुर्चीत परत बसले.

“शांत असलं की जास्त येत असेल,” ती म्हणाली. “गर्दीत, गोंगाटात बरं वाटत असेल.”

फ्रिज, ट्यूबलाइट, घड्याळ. एकेक करून हे घरातला सगळा आवाज बंद करत गेले होते, आणि ज्याच्या मागे लागले होते तो मोठा होत गेला होता.

“त्याला औषध?”

“आधी तपासायला तर हवं, मॅडम. पण खूपदा सवयच करून घ्यावी लागते. मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसांना होतं असं. कानच करतो तो आवाज.”

बाहेर आले. हे बाकावरून उठले, माझ्या हातातली पिशवी घेतली. “वाईट वाटून घेऊ नकोस,” म्हणाले. “मशीनला काय कळतं?”

मला रस्त्यातच रडू आलं. ह्यांना वाटलं, कानांसाठी रडतेय.

सांगायचं कसं? दोन रात्री तेच डोक्यात. सरळ सांगितलं तर मानणार नाहीत, आणि मानलं तर काय उरणार? गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं तर बरं असतं. जुनं घेऊन दुकानात जावं, तसलंच नवं मिळतं. एकदा मनात आलं, राहू दे. उतरवू देत दर आठवड्याला गिअरबॉक्स. निदान काहीतरी दुरुस्त होईल अशी आशा तरी राहील. लेकीला सांगू, बाबांचा जीव रमतोय. पण जीव रमत नव्हता. सकाळी उठून पाहिलं तर हे शेडमध्ये खाली ताडपत्री अंथरत होते. चौथ्यांदा उतरवणार होते.

“थांबा,” मी म्हटलं. “आधी एक चक्कर मारू. मी चालवते, तुम्ही ऐका. सगळ्या गिअरमध्ये, नीट, तुमच्या पद्धतीनं. मग उतरवा.”

“मी चालवतो.”

“ऐकणाऱ्यानं चालवू नये, हे कुणाचं?”

ते त्यांचंच होतं. मुकाट्यानं बाजूला बसले, माझ्या जागेवर.

शिकवण्यात माझाही एक नियम होता. शिकणाऱ्याला चूक सांगायची नाही. आपला पाय ब्रेकवर तयार ठेवायचा आणि वाट बघायची. त्याची त्याला कळली की जन्मभर राहते, आपण सांगितली की तो आपल्यावरच डूख धरतो. मी त्या नियमानं निघाले. फक्त या वेळी पायाखाली ब्रेक कुणाला वाचवायला होता, ते मला माहीत नव्हतं.

पाण्याच्या टाक्यांमागे जुना रस्ता आहे. नवा झाल्यापासून तिकडे कुणी फिरकत नाही. माझी शाळा तिथेच भरायची. त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला पाठ आहे.

पहिला टाकला. “आहे?”

“आहे.”

दुसरा. “आहे.” तिसरा. “आहे.” मग चौथा. मी वेग धरून ठेवला. गाडी लोण्यासारखी चालली होती. अशी ती नवी असतानाही चालली नव्हती.

“थांबला?”

“नाही.” ह्यांच्या कपाळावर आठी आली. “म्हणजे काउंटर शाफ्ट नाही.”

मी पाय उचलला. “आता?”

“आहे. म्हणजे मागचंही नाही.”

न्यूट्रल करून क्लच दाबला. गाडी आपल्या वेगानं घरंगळत होती. “आता?”

“आहे.” आणि मग, जरा वेगळ्या आवाजात, “असं कसं?”

माझा हात किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला. अजून परत फिरता येत होतं. काहीतरी थाप मारता आली असती, डिफरन्शियलच असेल म्हणावं, दोन महिने त्यात जातील. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे समोर काचेतून रस्त्याकडे बघत होते. मान तिरकी नव्हती. पहिल्यांदाच मी ती सरळ पाहिली.

“बंद कर इंजिन,” हे म्हणाले.

मी केलं. गाडी घरंगळत गेली, हळू झाली, एका खांबाशी थांबली. गरम लोखंड टिकटिक करत निवत होतं. टाक्यांकडून पाणी पडत असल्याचा बारीक आवाज येत होता. बाकी काही नाही. मी “आता?” असं विचारलं नाही.

 हे दार उघडून उतरले आणि रस्त्यानं मागे चालू लागले. मला वाटलं काही पडलं असेल. पण हे खाली बघत नव्हते. मागच्या खांबापाशी जाऊन थांबले, गाडीकडे तोंड करून उभे राहिले. गाडीत असलेला आवाज गाडीपासून लांब गेल्यावर कमी व्हायला हवा. हे तपासत होते. मी आरशात बघत होते. त्यांनी पाठ फिरवली आणि आणखी पुढे गेले. पुढच्या खांबाशी थांबले. ऐकलं. आणखी पुढे गेले. आरशात ते आता बोटाएवढे दिसत होते. मला वाटलं, हाक मारावी, उतरून धावत जावं. माझा पाय ब्रेकवर गच्च दाबला गेला होता, थांबलेल्या गाडीच्या. लांबवर ह्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली. तसेच उभे राहिले. मग बोटं काढली. हात खाली सोडून दिले.

परत आले तेव्हा चाल नेहमीचीच होती, सावकाश. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर तळहात टेकवला, थोडा वेळ ठेवला. मग आत येऊन बसले आणि दार ओढून घेतलं.

“गाडीचा नाहीये,” म्हणाले.

“हं.”

“तुला माहीत होतं?”

“दवाखान्यातून आल्यापासून.”

हे मांडीवरच्या हातांकडे बघत होते. नखांत तेल होतं. “उगाच आणखी दोनदा उतरवला,” म्हणाले. “चांगलं बेअरिंग काढून फेकलं.”

“फेकलं नाही. मी ठेवलंय डब्यात.”

“ठेवलंयस?”

“तुम्ही फेकलेलं सगळं ठेवते मी.”

ह्यांना हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.  मी दुसरीकडे बघितलं. शिकणारा रडायला लागला की मी नेहमीच दुसरीकडे बघते.

“कसा असतो हो?” मी विचारलं. “आवाज.”

“बारीक.” विचार करून म्हणाले, “पहिल्यात गाडी घाटात चढत राहावी, आणि घाट संपूच नये, तसा.” मग म्हणाले, “चल आता. लेकीला फोन कर संध्याकाळी. रविवारी निघतो म्हणून सांग. तूच बोल.”

“आणि त्या मुलीकडे?”

“कुठल्या?”

“जिचं मशीन बिघडलंय.”

“जाऊ,” हे म्हणाले. “आधी लेकीकडे.”

मी इंजिन सुरू केलं. पहिला, दुसरा, तिसरा. खांब मागे जाऊ लागले.

“आता?” ह्यांनी विचारलं.

महिनाभर हाच प्रश्न ह्यांनी मला विचारला होता, पण माझी परीक्षा घेतल्यासारखा. या वेळी त्यांना उत्तर हवं होतं. मी ऐकलं. जीव कानांत आणून ऐकलं.

“मागचा डावा दरवाजा खडखडतोय. बाकी काही नाही.”

“त्याचं रबर राहिलंय. आज बसवतो.”

मी मान हलवली. पुढचं दिसेनासं झालं होतं, डोळे भरून आले होते, आणि पुसायचे तर स्टिअरिंग सोडावं लागलं असतं. तशीच चालवत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे.

“अगं, चौथा टाक,” हे म्हणाले. “कधीची कळवळतेय ती.”

मी दचकले. खरंच की. टाक्या कधीच मागे पडल्या होत्या आणि मी अजून तिसऱ्यातच होते. इंजिन ओरडून ओरडून सांगत होतं, आणि हे चांगले कान त्या वेळी कुठे होते देव जाणे.

“तुम्हाला ऐकू आलं?”

“नाही,” हे म्हणाले. “पायाला लागलं.”

मी खाली पाहिलं. ह्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या. दोन्ही अनवाणी पाय पत्र्यावर सपाट टेकलेले, माझा ब्रेक होता तिथे, रबरी बुचाच्या दोन्ही बाजूंना. मी क्लच दाबला आणि चौथा टाकला.